मामांचं कोपर

आमच्या मामांनी जन्मभर एकच काम मनापासून केलं, ते म्हणजे लोकांना बाद करणं. पेणच्या खाडीकाठापासून रोह्याच्या पलीकडे खांब-कोलाडपर्यंत ज्याच्या अंगावर कधी कबड्डीची बनियन चढली आणि ज्याला मामांनी एकदा तरी बाद केलं नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. पुढे पोलिसात गेलेली पोरं त्यांनी बाद केली, मास्तर झालेली केली, एक डॉक्टर केला, आणि एका अंतिम सामन्यात सख्ख्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे मला, बाद केलं. मी तेव्हा अकरावीत होतो. आमचा संघ एका गुणानं मागे, शेवटची चढाई माझी, मी दोघांना शिवून परत आलो, सगळं गाव नाचत मैदानात घुसलं आणि शिट्टी वाजली. जाताना माझी टाच बाजूच्या रेषेबाहेर पडली होती म्हणे. गावात दुसऱ्या कुणाला ती दिसली नाही. आई चार महिने भावाशी बोलली नाही. भाऊबीजेला ओवाळायचं ताम्हन खाली ठेवून म्हणाली, "माज्या पोराला बाद केलास तू." मामा पाटावर बसल्या बसल्या म्हणाले, "टाच होती गो." तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळण्याआधी हा संवाद व्हायचाच. आई विचारायची, "अजून म्हनतोस टाच होती?" आणि मामा दर वर्षी तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, "होती गो. करंगळीएवढी होती. पन होती."

कबड्डीच्या मैदानावरच्या मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. आमच्या गावाचे सरपंच दर निवडणुकीला बदलले, मैदानाचे सरपंच मात्र मामाच राहिले. पोटासाठी ते मिठागरावर मुकादम होते, पण कुणी "काय करता?" म्हणून विचारलं तर "पंच हाय" म्हणायचे, आणि मिठाचा विषय निघालाच तर तो जेवणातल्या मिठाइतकाच ठेवायचे. गळ्यात काळ्या गोफात ओवलेली पितळी शिट्टी. ती अंघोळीला उतरायची नाही, झोपताना उतरायची नाही. मामी सांगायच्या की एकदा झोपेत ती तोंडात गेली आणि घोरण्याबरोबर अशी काही वाजली की शेजारचा पोरगा अंथरुणातून उठून रेषेवर उभा राहिला. ही शिट्टी सामन्यातच वाजेल असंही नव्हतं. एका निवडणुकीत एक उमेदवार देवळापुढे भाषण करीत होते. खाडीचं पाणी, बांधबंदिस्ती, पोरांना कंपनीत नोकऱ्या असं सगळं एका लयीत चाललं होतं. ते श्वास घ्यायला थांबले मात्र, मागून शिट्टी वाजली आणि मामांचा आवाज आला, "दम तुटला! बाद!" लोक इतके हसले की उमेदवारांना पुढचं भाषण आठवेना. घरातही हाच नियम. मामींना त्यांच्याशी भांडायचं तर एका दमात भांडावं लागे. मध्ये श्वास घेतला की भांडण मामांनी जिंकलं. त्यामुळे मामींचा दम असा दांडगा झाला होता की गावातली पोरं त्यांचं भांडण ऐकून चढाई शिकायची, असं मी म्हणालो तर त्यात थोडीच अतिशयोक्ती आहे.

मैदान म्हणजे मामांना देवाची जागा. चपला बाहेर, पाय धुतलेले, आणि आत एकदा पाऊल टाकलं की डावा हात कशालाही लावायचा नाही. गुण उजव्याच हातानं, बोटं दाखवून द्यायचे. दुसरे पंच उजवीकडच्या संघाला उजवा हात दाखवायचे, डावीकडच्याला डावा. मामा उजवाच दाखवायचे आणि डावीकडच्या संघाला गुण द्यायचा झाला की स्वतःच सबंध गर्रकन फिरायचे. चुरशीच्या सामन्यात ते इतके फिरायचे की सामना संपल्यावर त्यांना धरून बाहेर आणावं लागे.

आता खरी गंमत सांगतो. हा उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता आणि वाकतही नव्हता. तिशीच्या आत असताना एका पकडीत मामांच्या अंगावर पाच जण पडले आणि कोपराचा चुरा झाला. हाडं बसवणाऱ्या एका वैद्यानं पाला लावून, बांबूच्या कामट्या बांधून हात दोन महिने गळ्यात अडकवला. सोडला तेव्हा तो ज्या कोनात होता त्याच कोनात कायमचा राहिला. शाळेत सरांनी फळ्यावर काटकोन काढला तेव्हा सगळ्या वर्गानं खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं होतं, कारण मामा तिथून चालले होते. मी घरी जाऊन कंपासपेटीतला कोनमापक त्यांच्या कोपराला लावला. अठ्ठ्याऐंशी भरला. मी म्हटलं, "मामा, नव्वदच धरू." मामा म्हणाले, "का म्हनून? अठ्ठ्याऐंशी हाय तर अठ्ठ्याऐंशी लिही." लग्नाच्या मांडवात ते उभे राहिले की बायका बोलता बोलता त्यांच्या त्या हातावर पिशव्या अडकवून जायच्या. एकदा हळदीला मी मोजलं, चार पिशव्या, एक छत्री आणि कुणाचं तरी ओलं झबलं. मामांना पत्ता नव्हता, ते नवऱ्या मुलाचा पाय पाटाच्या बाहेर गेला का ते बघत होते.

हात दिसायला गमतीचा होता, पण तो तोंडापर्यंत पोचत नव्हता. आमच्यात डाव्या हातानं घास घ्यायचा म्हणजे काय ते सांगायला नको. धाटावच्या एका कारखान्यातल्या फिटरनं मामांना स्टीलच्या सळईचा हातभर लांब दांड्याचा चमचा करून दिला होता. उजव्या हातात तो धरून मामा लांबून नेम धरल्यासारखं जेवायचे. पंगतीत पोरं हसायची. मग ते पंगतीला बसायचे बंद झाले. "पोट बरा नाय" म्हणायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचे. लग्नसराईत मामांचं पोट कधीच बरं नसायचं.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी जिल्ह्यातल्या जाणत्या मंडळींनी ठरवलं की यापुढे पंचांची रीतसर परीक्षा व्हायची. लेखी आणि मैदानावरची. पास होईल तोच मोठ्या सामन्यांना उभा राहील. मामांना परीक्षेचा आनंद झाला. "व्हायलाच पायजे," म्हणाले, "कोनी पन उठतो नि शिट्टी वाजवतो." पहिली परीक्षा पेणला झाली. लेखीत मामांचा एकही प्रश्न चुकला नाही. मैदानावर परीक्षक म्हणाले, "हात खांद्यातून सरळ वर करा." मामांनी हात वर केला. हात कसला, ती खिडकीची कडी वर केल्यासारखी दिसली. परीक्षक अवघडले. "मामा, नियमात सरळ हात लिहिलाय." मामांनी नियमाचं पुस्तक मागून घेतलं, ते वाक्य वाचलं, पुस्तक परत दिलं आणि म्हणाले, "नियम बरोबर हाय." एस.टी.नं घरी आले आणि गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला लावली.

आठव्या दिवशी मामींचा मला निरोप आला. मी तोवर बी.कॉम. होऊन धाटावला एका कंपनीत स्टोअरमध्ये क्लार्क लागलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. कुणाला कोर्टाची नोटीस येवो, कुणाचं रक्त तपासलेलं असो, कागद माझ्यापुढे यायचा आणि मीही चष्मा नसताना चष्मा असल्यासारखं बघून अर्थ सांगायचो. मामी म्हणाल्या, "भाच्या, यांना कुठंतरी दाखव. गळ्यात शिट्टी नाय, तर घरात दुसराच कोनी मानूस राह्यला आल्यासारखा वाटतो. काल मी सबंध भांडन केला, चारदा दम घेतला, हे गप्पच."

मी चौकशी केली. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आखडलेलं कोपर काढून तिथे धातूचा सांधा बसवतात असं कळलं. गावात ही बातमी "कोपराची बदली" अशी पसरली. आमच्याकडे बदली मास्तरांची नाही तर तलाठ्याची होते, त्यामुळे पारावर एक म्हातारबाबा मला विचारायला आले, "बदली कुठं झाली म्हनायची? आनी हितं नवा कोन येनार?"

हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर चांगले होते. त्यांनी एक्स-रे पाहिला, हात चाचपला आणि मामांना विचारलं, "हा हात मोकळा झाला तर तुम्हाला काय करायचंय?" त्यांना वाटलं असणार, जेवायचंय म्हणतील, दाढी करायचीय म्हणतील.

मामा म्हणाले, "बोनस द्यायचाय."

डॉक्टर म्हणाले, "कंपनी आहे का तुमची?"

मी खुलासा केला की कबड्डीत बोनस रेषा ओलांडली की गुण मिळतो आणि तो पंचानं हात वर करून द्यायचा असतो. डॉक्टर पोट धरून हसले. मग भोवतीच्या शिकाऊ डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत भरभर बरंच काही बोलले आणि मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता. यांना नीट समजावून सांगाल ना?" मी छाती काढून "यस सर" म्हणालो. त्या बोलण्यातलं मला पुष्कळसं कळलं होतं. जखम भरायला वेळ लागेल, करंगळीकडे जाणारी शीर कोपराला लागून असते तिला त्रास होऊ शकतो, सांधा पुढेमागे सैल होऊ शकतो, जड उचलायचं नाही. आणि एक वाक्य होतं, की फ्लेक्शन छान मिळेल, एक्स्टेन्शन पुरतं मिळणार नाही. फ्लेक्शन मी सोडून दिलं. एक्स्टेन्शन मात्र माझ्या रोजच्या कामातला शब्द! स्टोअरमध्ये माल वेळेत आला नाही की पुरवठादाराची एक्स्टेन्शनची पत्रं मीच फाइल करीत होतो. मी मामांना ठामपणे सांगितलं, "मामा, इथे राहायला मुदतवाढ मिळणार नाही. दिलेल्या दिवसांत घरी जायचं." मामा म्हणाले, "नको तर नको. मना तरी हितं कुठं घर बांधायचाय?" आणि त्यांनी कागदावर सही केली.

ऑपरेशन झालं. मामा शुद्धीवर आले तेव्हा मामी उशाशी होत्या. मामांचा पहिला प्रश्न, "किती गुन झाले?" मामी म्हणाल्या, "मध्यंतर झालाय. पडून र्‍हावा." कोपराच्या मागची जखम मात्र लवकर मिटेना. तिथली कातडी पातळ, खाली धातू. तीन आठवडे पाणी झिरपत राहिलं आणि ज्या मुदतवाढीला मी नाही म्हणून बसलो होतो ती हॉस्पिटलनंच दिली. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण शिकलेल्या माणसाला स्वतःबद्दल शंका उशिरा येते.

पट्टी सुटायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मामा कॉटवर बसले होते. एक माशी त्यांच्या नाकावर बसली. मामांनी ती उडवली. मग त्यांच्या लक्षात आलं की ती उजव्या हातानं उडवली. चोवीस वर्षांत त्या हाताची आणि त्या नाकाची गाठ पडली नव्हती. मामांनी नाक चाचपलं, मिशी चाचपली, कपाळ, डोळे, कान सगळं एकेक करून हात लावून पाहिलं, घर सोडून गेलेला माणूस परत येऊन खोल्या बघतो तसं. शेजारच्या पेशंटनं नर्सला हाक मारून सांगितलं की यांना काहीतरी होतंय.

घरी आल्यावर मामींनी तांदळाची भाकरी केली, वर सुक्या जवळ्याची चटणी. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी घेतली आणि हात तोंडाशी नेला. घास तोंडात गेला. मी समोर होतो. मामांनी अजून एक भाकरी मागितली, मग अजून एक. मामी आत जाऊन भांडी घासायला लागल्या. भांडी सकाळीच घासलेली होती.

पण मामांचा डोळा जेवणावर नव्हता. पोट भरल्यावर ते अंगणात गेले, चपला काढल्या, पाय जुळवले आणि हात सरळ वर केला. वर गेला, आधीपेक्षा खूप वर गेला. सरळ मात्र झाला नाही. कोपरात बाक राहिला, दोन बोटं आत मिटलेली राहिली. मामांनी रोज सकाळी मिठागरावर जायच्या आधी शंभर वेळा हात वर केला. तीन महिने केला. बाक तेवढाच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बधिर, मामी म्हणायच्या, "चिमटा काढला तरी समजत नाय यांना, आनी मना वाटायचा माझं बोलनंच समजत नाय."

मी कागद घेऊन पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरांनी सावकाश मराठीत सांगितलं. सांधा उत्तम बसलाय, वाकतो छान. शीर चिडलीय, बोटं थोडी सुधारतील, पूर्वीसारखी होतील असं सांगता येत नाही. आणि हात पूर्ण सरळ होणार नाही, ते आधीच सांगितलं होतं. फ्लेक्शन म्हणजे हात वाकणं, एक्स्टेन्शन म्हणजे हात सरळ होणं. त्यांनी स्वतःचा हात लांब करून दाखवला.

परतीच्या एस.टी.त मी पेणपर्यंत डोकं वर केलं नाही. मामा अंगणात होते. मी सगळं सांगितलं, मुदतवाढीसकट. म्हटलं, "मामा, मला इंग्रजी कळलं नव्हतं आणि मी कळल्यासारखं केलं. तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही कापून घेतलं नसतंत." मामा बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले, सामन्यात बघायचे तसे. मग म्हणाले, "जानूनबुजून केलंस?"

"नाय मामा."

"मंग बाद नाय. ताकीद." पाठोपाठ म्हणाले, "आनी पुढच्या खेपेला समजला नाय तर इचार. इचारला म्हनून पदवी काढून घेत नाय कोनी."

मामींनी दोन किलोची मर्यादा मात्र कायद्यासारखी पाळायला लावली. डॉक्टरांनी त्या हातानं दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही असं बजावलं होतं. मामी बाजारातून येताना प्रत्येक वस्तूचं वजन तोंडानं जाहीर करायच्या. मांडवात पिशवी अडकवायला आलेल्या बाईला मामा आता नम्रपणे विचारायचे, "बाई, किती किलो?" बायकांची मोठी सोय गेली. मामा मात्र पंगतीला बसायला लागले, आणि सगळ्यांच्या मागून उठायला लागले.

पुढच्या थंडीत परीक्षा पुन्हा लागली, या वेळी रोह्याला, एका शाळेच्या मैदानावर. मामांनी नाव दिलं, खुंटीवरची शिट्टी पुन्हा गळ्यात घातली. मामी म्हणाल्या, "परत कशाला?" मामा म्हणाले, "पहिल्या चढाईत गुन नाय भेटला म्हनून मानूस घरी जातो का?" मी हाफ डे टाकून गेलो. परीक्षक चाळिशीतले होते, तरुणपणी गाजलेले खेळाडू, आणि अर्थातच मामांनी त्यांना भरपूर बाद केलेलं. मामांना बघताच ते खुर्चीवरून उठून पाया पडले. लेखीत मामांचं पुन्हा काही चुकलं नाही. मग दोन संघ खेळवून एकेका उमेदवाराला पंच म्हणून उभं केलं. मामा उभे राहिले आणि मैदानाचा रंग बदलला. एका पकडीत सात जणांचा ढीग झाला होता, कुणाला कुणाचा पाय कळेना, मामा वाकले, ढिगाखालून एका अंगठ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा बाहेर हाय." माणसं बाजूला केली तर अंगठा खरंच रेषेबाहेर. भोवती उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही.

शेवटी खुणा. मी आदल्या दिवशी त्यांना सांगून ठेवलं होतं, की टेबलाकडे तोंड करून उभे राहा, समोरून बाक दिसत नाही, सरळच वाटतो. मी चार कोनांतून बघून ठेवलंय. परीक्षक म्हणाले, "मामा, हात सरळ वर." मामा टेबलापुढे गेले आणि टेबलाकडे बाजू करून उभे राहिले. कोपर परीक्षकांच्या बरोबर डोळ्यासमोर. हात वर केला. परीक्षकांनी एकदा पाहिलं, मग कागदाकडे मान घातली आणि म्हणाले, "ठीक. सरळ आहे."

"साहेब, वर बघा," मामा म्हणाले.

"बघितलं मामा."

"किती बाक हाय?"

"थोडासा आहे. चालतं."

"आनी पाच दाखवतो, मोजा." मामांनी पंजा उघडला. तीन बोटं उभी राहिली. "किती दिसतात?"

परीक्षक पेन ठेवून उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "मामा, तुमच्या तीन बोटांना लोक पाच समजतील. अख्खा जिल्हा ओळखतो तुम्हाला. मी पास लिहिलंय."

"वळखीवर गुन द्यायचे, तर मंग परीक्षा कशाला घेतली?" मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "उद्या लांबचा संघ येईल. तो तीनच समजेल. त्याची काय चूक?" आणि त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली. इतकी लांब शिट्टी मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती. तोच उजवा हात, जेवढा जातो तेवढा वर नेला आणि स्वतःच्या छातीकडे आणून सांगितलं, "बाद."

मग बाद झालेला खेळाडू जातो तसे बाजूनं, रेषेवर पाय न देता, मैदानाबाहेर आले आणि चपला घालायला लागले. मैदानावरची चौदा पोरं होती तशी उभी होती. परीक्षकांनी मामांच्या पाठीकडे बघून हात जोडले. माझ्या पदवीचा निकाल लागला त्या दिवशी आई रडली होती, मी रडलो नव्हतो. त्या दिवशी शाळेच्या नळावर जाऊन मला तोंड धुवावं लागलं. असला मामा आपला आहे, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सांगायचं कुणाला, तिथे सगळ्यांना ठाऊकच होतं.

चार-पाच वर्षांनी त्या सांध्यातून टक असा आवाज यायला लागला. सैल झालाय, पुन्हा ऑपरेशन करता येईल, पण दुसऱ्या खेपेला त्रास जास्त होतो, असं डॉक्टर म्हणाले. या वेळी मी प्रत्येक शब्द दोनदा विचारला आणि मामांना जसाच्या तसा सांगितला. मामा म्हणाले, "घास जातोय ना तोंडात? मंग राहू दे." सामन्यांना ते जातच राहिले, पण लोकांत, सतरंजीवर बसून. शिट्टी मामींनी कपाटात ठेवली. मैदानावर एखादा वादाचा प्रसंग आला की नवे पंच नकळत मामा बसले असतील तिकडे बघायचे. मामा तेव्हा मान वर करून आभाळाकडे बघत बसायचे, त्यांच्या तोंडावरून कुणाला काही कळू नये म्हणून.

खांबला एका संध्याकाळच्या सामन्यात असंच झालं. शेवटची चढाई, पाय रेषेबाहेर गेल्यासारखा, पंचांनी क्षणभर मामांकडे पाहिलं, मामांनी आभाळाकडे. गुण दिला गेला, सामना फिरला. हायवेवर एस.टी. धरायला चालताना मी विचारलं, "मामा, पाय रेषेबाहेर होता ना?"

"पंचांनी काय दिला?"

"नाबाद."

"मंग नाबाद."

फाट्यापर्यंत ते चालता चालता उजव्या हाताची ती दोन मिटलेली बोटं डाव्या हातानं एकेक करून उघडत होते. सोडली की ती परत मिटत होती.